व्हॉल्वचा रेडिओ आणि चिकटवलेला फोन

आज आपण बसलो आहोत ती नारायण पेठ. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचं धरण फुटलं, खडकवासलाही फुटलं, आणि मुठेचं पाणी या पेठेत शिरलं. मी तेव्हा दहा वर्षांचा होतो. पुणे आकाशवाणी १९५३ साली सुरू झाल्यावर वडिलांनी हप्त्यावर घेतलेला व्हॉल्वचा रेडिओ घरात होता. वायर आणि एरियल यांत गुंतलेलं जड धूड ते! आईने कागदपत्रं उचलली, आम्हा भावंडांना पुढे घातलं. रेडिओ जागेवरच राहिला.

पाणी ओसरल्यावर तो चिखलातून काढला. पेठेतल्याच मेकॅनिकने मागचा पुठ्ठा उघडला, आतला सांगाडा धुऊन बरेच दिवस वाळवला. ट्रान्सफॉर्मर, स्पीकर आणि दोन व्हॉल्व बदलले. दिवाळीच्या सुमारास रेडिओ पुन्हा बोलू लागला. लाकडावर पुराची रेघ मात्र शेवटपर्यंत राहिली.

हे सांगितलं की लोक म्हणतात, "सर, तेव्हाच्या वस्तू काय टिकाऊ होत्या!" नाही हो. तो वरचेवर बिघडायचा. व्हॉल्व आतल्या तारेच्या उष्णतेवर चालतो. तो कधीतरी जाणारच, हे बनवणाऱ्यालाही ठाऊक. म्हणून तो खोबणीत बसवत, हाताने उपटता येईल असा. दुरुस्तीची सोय ही त्या यंत्राच्या उणिवेची कबुली होती.

ट्रान्झिस्टरचा शोध १९४७ चा. १९५४ साली अमेरिकेत त्यावरचा खिशातला रेडिओ बाजारात आला. पुढे आपल्याकडेही ट्रान्झिस्टर शेताच्या बांधावर पोहोचला. तापेपर्यंत थांबणं नाही, बिघाड कमी, आणि पूर आला तर काखेत मारून पळता येईल असा. तरीही झाकण सरकवून सेल बदलणं पोरासोरांनाही जमायचं. म्हणजे सोय आणि दुरुस्ती यांचं हाडवैर नाही.

मग फोन का चिकटवला? २००७ च्या पहिल्या आयफोनची बॅटरी वापरणाऱ्याला काढता येत नव्हती. पुढे तीच रीत पडली. त्यामागे नुसता लबाडपणा नाही, बरं का. फोन पातळ होतो, पाणी आत जात नाही. माझा फोन बादलीत पडूनही वाचला. पण गेल्या वर्षी त्याची बॅटरी म्हातारी झाली. तपकीर गल्लीतला मुलगा म्हणाला, "काका, उघडून देतो, पण यापुढे पाण्यापासून जपा."

तत्त्वज्ञानात आम्ही आधी भेद करायला शिकवतो. क्वचित बिघडणारं खुशाल बंद करा. पण जे नक्की झिजणार, ते बंद करणं म्हणजे वस्तूचं आयुष्य आधीच ठरवून टाकणं. बॅटरी हा आजचा व्हॉल्व आहे. युरोपीय संघाने २०२३ साली नियम केला: फेब्रुवारी २०२७ पासून, काही अपवाद वगळता, लहान उपकरणांची बॅटरी वापरणाऱ्याला काढता आली पाहिजे. आपल्या सरकारनेही डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल सुरू केलं. पण त्याने खोबणी परत येत नाही.

माझ्या पेन्शनचा हयातीचा दाखला आता फोनवरून जातो. बॅटरी संपली, तर मी आहे हे सांगणार कोण?