केनियाला जाताना : व्हिसा गेला, पिवळे प्रमाणपत्र कायम

पूर्व आफ्रिकेतील केनियाने जानेवारी 2024 पासून परदेशी प्रवाशांसाठी व्हिसाची अट रद्द केली. देशाच्या स्वातंत्र्याला 60 वर्षे पूर्ण झाली त्या दिवशी, म्हणजे 12 डिसेंबर 2023 रोजी, राष्ट्राध्यक्ष विल्यम रुटो यांनी ही घोषणा केली होती. मसाई माराचे अभयारण्य पाहण्यासाठी, व्यापारासाठी किंवा नैरोबी-मोम्बासा येथील आप्तांना भेटण्यासाठी भारतातून दरवर्षी अनेक नागरिक केनियाला जातात. त्यांच्यापर्यंत ही बातमी 'केनियाला आता व्हिसा लागत नाही' एवढ्याच स्वरूपात पोहोचली. ती शब्दशः खरी आहे. परंतु व्हिसाची जागा दुसऱ्या एका पूर्वपरवानगीने घेतली आहे. शिवाय या प्रवासात भारतीय प्रवाशाला खरोखर अडवून ठेवू शकणारा कागद केनियात नव्हे, तर परतल्यावर मुंबई, दिल्ली किंवा अन्य भारतीय विमानतळावर मागितला जातो. तो कागद म्हणजे पीतज्वर, अर्थात यलो फिव्हर, या रोगाच्या लसीकरणाचे आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र.

व्हिसाऐवजी इलेक्ट्रॉनिक अनुमती

केनियाने 2015 मध्ये ऑनलाइन व्हिसा सुरू केला आणि 2021 पासून विमानतळावर उतरल्यावर व्हिसा देण्याची पद्धत बंद केली. 2024 पासून ऑनलाइन व्हिसाही संपुष्टात येऊन त्याच्या जागी इलेक्ट्रॉनिक प्रवास अनुमती आली. इंग्रजी आद्याक्षरांवरून ती 'ईटीए' या नावाने ओळखली जाते. ही अनुमती विमानात बसण्यापूर्वीच हाती असावी लागते. ती नसल्यास विमान कंपनी प्रवाशाला भारतातूनच नेण्यास नकार देऊ शकते.

अर्ज केवळ ऑनलाइन करावयाचा असतो. त्यासाठी प्रवासाच्या तारखेनंतर किमान सहा महिने वैध असलेले आणि कोरे पान शिल्लक असलेले पारपत्र, छायाचित्र, विमान प्रवासाचा तपशील, निवासाचे आरक्षण अथवा यजमानाचा पत्ता आणि शुल्क भरण्यासाठी कार्ड आवश्यक असते. मूळ शुल्क 30 अमेरिकी डॉलर असून त्यावर ऑनलाइन भरण्याचा आकार पडतो. अर्ज प्रवासाच्या किमान तीन दिवस आधी करावा, असे केनिया सरकारचे सांगणे आहे. प्रत्यक्षात आठवडाभराची सवड ठेवणे श्रेयस्कर, कारण छायाचित्र अस्पष्ट असणे किंवा पारपत्रातील नाव आणि अर्जातील नाव यांत एका अक्षराचा फरक पडणे, एवढ्यावरूनही अर्ज परत येऊ शकतो. नावाच्या रकान्यात वडिलांचे किंवा पतीचे नाव मध्ये लिहिण्याची आपल्याकडील रीत येथे अडचणीची ठरते. पारपत्रात नाव ज्या क्रमाने छापले आहे, त्याच क्रमाने ते भरावे. लहान मुलांसाठी आणि तान्ह्या बाळांसाठीही वेगळा अर्ज करावा लागतो.

अधिकृत संकेतस्थळाचा पत्ता ध्यानात ठेवण्याजोगा आहे. केनिया सरकारच्या संकेतस्थळांच्या पत्त्याच्या शेवटी 'डॉट गो डॉट केई' अशी अक्षरे असतात. त्यासारखीच दिसणारी आणि तोच अर्ज भरून देण्यासाठी दुप्पट-तिप्पट पैसे घेणारी खासगी संकेतस्थळे अनेक आहेत. शोधयंत्रात बहुधा तीच आधी दिसतात.

अनुमती मिळाल्यावर पर्यटकाला 90 दिवसांपर्यंत राहता येते. मात्र अनुमती मिळणे म्हणजे प्रवेशाची हमी नव्हे. अंतिम निर्णय नैरोबीच्या जोमो केन्याटा विमानतळावरील इमिग्रेशन अधिकाऱ्याचा असतो. परतीचे तिकीट आणि निवासाच्या आरक्षणाची छापील प्रत जवळ असलेली बरी. पर्यटक म्हणून जाऊन नोकरी करता येत नाही, त्यासाठी कामाचा परवाना वेगळा असतो. पारपत्रावर 'एमिग्रेशन तपासणी आवश्यक' असा शेरा असलेल्या कामगारांना भारतातून जाताना 1983 च्या कायद्यानुसार ज्या 18 देशांसाठी वेगळी मंजुरी घ्यावी लागते, त्या यादीत केनिया नाही.

शेजारच्या देशांत जायचे असल्यास

केनियाबरोबर युगांडा आणि रवांडा पाहण्याचा बेत असेल, तर 2014 पासून या तिन्ही देशांचा मिळून एक पर्यटन व्हिसा उपलब्ध आहे. त्याचे शुल्क 100 डॉलर असून 90 दिवसांत तिन्ही देशांत कितीही वेळा ये-जा करता येते. ज्या देशात प्रथम उतरायचे, त्याच देशाकडे अर्ज करावा लागतो.

टांझानिया मात्र या व्यवस्थेत नाही, आणि नेमकी तेथेच अनेकांची गल्लत होते. मसाई मारा आणि सेरेंगेटी ही अरण्ये एकमेकांना लागून आहेत, जनावरांचे कळप सीमा न मानता इकडून तिकडे जातात, म्हणून प्रवाशालाही तसेच जाता येईल असे वाटते. परंतु टांझानियाचा व्हिसा स्वतंत्र घ्यावा लागतो. केनियाची अनुमती सर्वसाधारणपणे एका प्रवेशासाठी असल्याने टांझानियाहून पुन्हा नैरोबीला येऊन भारताचे विमान पकडायचे असेल, तर पुनःप्रवेशाची बाब अर्ज करण्यापूर्वीच तपासून घ्यावी. झांझिबार बेटावर जाणाऱ्यांसाठी ऑक्टोबर 2024 पासून तेथील सरकारी महामंडळाचा 44 डॉलरचा प्रवास विमा सक्तीचा झाला. भारतात काढलेला विमा त्याऐवजी चालत नाही.

केनियातून टांझानियात प्रवेश करताना, मग तो नामांगाच्या नाक्यावरून असो वा विमानाने, पीतज्वर लसीकरणाचे प्रमाणपत्र मागितले जाते.

परतीच्या दारातील नियम

पीतज्वर हा विषाणूजन्य रोग असून डासांमार्फत पसरतो. आफ्रिका आणि दक्षिण अमेरिकेच्या उष्ण कटिबंधातील अनेक देशांत तो आढळतो. केनियात 1992-93 मध्ये केरिओ खोऱ्यात आणि 2022 मध्ये इसिओलो परगण्यात त्याची साथ आली होती. त्यावर नेमके औषध नाही, लस मात्र अत्यंत प्रभावी आहे. ही '17 डी' लस 1930 च्या दशकात तयार झाली आणि तिच्यासाठी मॅक्स थायलर यांना 1951 चे नोबेल पारितोषिक मिळाले.

भारतात हा रोग नाही. त्यामुळे भारतातून थेट नैरोबीला उतरणाऱ्या प्रवाशाकडे केनियाच्या नियमानुसार हे प्रमाणपत्र असणे बंधनकारक नाही. शिवाय केवळ नैरोबी शहर आणि मोम्बासाची किनारपट्टी एवढाच प्रवास असेल, तर लस घेण्याची सर्वसाधारणपणे आवश्यकता नाही, असे जागतिक आरोग्य संघटनाही सांगते. या दोन्ही गोष्टी कोठेतरी वाचून प्रवासी निश्चिंत होतो. परंतु भारताचा नियम केनियाचे असे भाग पाडत नाही. संपूर्ण केनिया हा पीतज्वराचा धोका असलेला देश मानला जातो. तेथून निघून सहा दिवसांच्या आत वैध प्रमाणपत्राशिवाय भारतात येणाऱ्या प्रवाशाला सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवण्याचा अधिकार विमानतळाच्या आरोग्य अधिकाऱ्याला आहे. प्रवासी भारतीय नागरिक आहे की परदेशी, याने फरक पडत नाही. दुबई किंवा दोहामार्गे आल्यानेही नियम टळत नाही, कारण दिवस मोजले जातात ते केनिया सोडल्यापासून. सहा दिवसांच्या मर्यादेचे कारण असे की, संसर्गित डास चावल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत तीन ते सहा दिवस लागतात.

हा कडकपणा अनाठायी वाटण्याचा संभव आहे. पण पीतज्वर पसरवणारा एडिस इजिप्ती डास भारतात सर्वत्र आहे. डेंग्यू पसरवतो तोच हा डास. कमतरता आहे ती फक्त विषाणूची, आणि तो एका आजारी प्रवाशाच्या रक्तातून येऊ शकतो. चिकुनगुन्याच्या बाबतीत असेच घडले. 2004 मध्ये केनियाच्या लामू आणि मोम्बासा या किनारी भागांत त्या रोगाची साथ आली, तेथून ती हिंदी महासागरातील बेटांवर गेली आणि 2005 च्या अखेरीस भारतात पोहोचली. 2006 या एका वर्षात देशात 13 लाखांहून अधिक संशयित रुग्णांची नोंद झाली आणि महाराष्ट्रातही गावेच्या गावे सांधेदुखीने आडवी झाली. चिकुनगुन्याने सहसा माणूस दगावत नाही. पीतज्वराच्या गंभीर रुग्णांबाबत तसे म्हणता येत नाही.

दहा दिवसांचा हिशेब

लस घेतल्यावर प्रमाणपत्र त्याच दिवशी मिळते, पण ते वैध होते दहा दिवसांनंतर. येथे घोटाळा होतो. समजा, एखाद्या प्रवाशाने 4 मे रोजी लस घेतली, 7 मे रोजी प्रयाण केले आणि 12 मे रोजी तो मुंबईत परतला. त्याच्या हाती प्रमाणपत्र आहे, शिक्का आहे, सही आहे, तरीही ते 14 मेपर्यंत ग्राह्य नाही. तोपर्यंत त्याला विलगीकरणात राहावे लागू शकते. तीन-चार दिवसांच्या कामासाठी घाईने जाणाऱ्या व्यावसायिकांना हा फटका अधिक बसतो. त्यातही, रोगापासून स्वतःचे संरक्षण हवे असेल, तर प्रयाणापूर्वीच दहा दिवस पूर्ण झालेले असावेत.

ही लस कोणत्याही खासगी दवाखान्यात घेऊन चालत नाही. केंद्र सरकारने मान्यता दिलेल्या केंद्रांचेच प्रमाणपत्र ग्राह्य धरले जाते. मोठ्या शहरांतील विमानतळ व बंदर आरोग्य कार्यालये आणि काही सरकारी रुग्णालये यांचा त्यांत समावेश आहे. लसीची एक कुपी अनेक व्यक्तींसाठी असते आणि एकदा उघडली की काही तासांतच वापरावी लागते. म्हणून बहुतेक केंद्रे ठराविक वारी, आधी नाव नोंदवलेल्यांनाच लस देतात. लसीचा तुटवडाही अधूनमधून होतो. तिकीट काढल्यावर हॉटेलच्या आधी लसीची तारीख ठरवावी, ती शक्यतो प्रयाणाच्या महिनाभर आधीची असावी. केंद्रावर मूळ पारपत्र न्यावे लागते, कारण प्रमाणपत्रावर त्याचा क्रमांक लिहिला जातो.

एकदा घेतलेली लस आता आयुष्यभरासाठी पुरते. पूर्वी दर दहा वर्षांनी ती पुन्हा घ्यावी लागत असे. 11 जुलै 2016 पासून आंतरराष्ट्रीय आरोग्य नियमांत बदल होऊन प्रमाणपत्र तहहयात वैध ठरले आणि जुन्या प्रमाणपत्रांनाही हा बदल लागू आहे. कपाटात वीस वर्षांपूर्वीचे पिवळे कार्ड असेल, तर नवे घेण्याचे कारण नाही. पारपत्र बदलले असल्यास मात्र कार्डावर क्रमांक असलेले जुने पारपत्रही सोबत ठेवावे.

ही लस जिवंत पण दुर्बल केलेल्या विषाणूची असल्याने सर्वांना देता येत नाही. नऊ महिन्यांखालील बालकांना ती दिली जात नाही आणि भारतातील प्रमाणपत्राची अटही त्यांना लागू नाही. अंड्याची तीव्र अॅलर्जी असलेले, रोगप्रतिकारशक्ती क्षीण झालेले आणि गर्भवती स्त्रिया यांनी आधी वैद्यकीय सल्ला घ्यावा. 60 वर्षांवरील व्यक्तींमध्ये दुष्परिणामांचे प्रमाण, एकंदरीत अल्प असले तरी, तरुणांपेक्षा अधिक असते. आजी-आजोबांना सोबत नेणाऱ्या कुटुंबांनी हे विशेष ध्यानात घ्यावे. लस देता येत नसेल, तर डॉक्टरांनी तसे कारणासह प्रमाणित करावे लागते. ते मान्य करायचे की नाही, हे विमानतळावरील आरोग्य अधिकारी ठरवतात.

केनियात न थांबता नैरोबीमार्गे अन्यत्र जाऊन भारतात परतणाऱ्यांना एक सवलत आहे. संपूर्ण काळ विमानतळाच्या आवारातच घालवला असल्याची आरोग्य अधिकाऱ्याची खात्री पटली, तर प्रमाणपत्राची अट लागू होत नाही. विमान चुकले आणि रात्र शहरातील हॉटेलात काढली, तर ही सवलत गेली. इथिओपियाची राजधानी आदिस अबाबा येथे विमान बदलणाऱ्यांनाही हाच नियम लागू आहे, कारण तो देशही धोक्याच्या यादीत आहे.

सामानाविषयी थोडेसे

दहा हजार डॉलरहून अधिक रोकड असल्यास केनियाच्या सीमाशुल्क अधिकाऱ्यांना तसे सांगावे लागते. फाटक्या किंवा फार जुन्या डॉलरच्या नोटा तेथे अनेक ठिकाणी नाकारल्या जातात. मसाई माराचे प्रवेशशुल्कही हिशेबात धरावे. 2024 मध्ये ठरलेल्या दरानुसार परदेशी प्रौढ पर्यटकासाठी ते जानेवारी ते जून दररोज 100 डॉलर आणि जुलै ते डिसेंबर 200 डॉलर आहे. त्यापुढे प्रवासाच्या अनुमतीचे 30 डॉलर किरकोळच म्हणायचे. ड्रोन कॅमेरा केनियाच्या विमान वाहतूक प्राधिकरणाच्या परवान्याशिवाय नेऊ नये.

चपला, फराळ आणि ओले कपडे प्लॅस्टिकच्या पिशव्यांत बांधून घेण्याची आपल्याकडील सवयही येथे सोडावी लागते. केनियात 28 ऑगस्ट 2017 पासून अशा पिशव्यांवर बंदी असून जून 2020 पासून अभयारण्यांत एकदाच वापरायच्या प्लॅस्टिकच्या बाटल्याही नेता येत नाहीत. विमानतळावरील करमुक्त दुकानात मिळालेली पिशवीसुद्धा नैरोबीला उतरताना काढून ठेवावी लागते.