सासूबाईंनी शाळेत घातले!

सासूने सुनेच्या झिंज्या धरल्याच्या कथा आपल्याकडे उदंड आहेत. परंतु सुनेने सासूचे केस बिघडवले आणि त्याबद्दल सासूने तिला पदरचे पैसे देऊन शिकायला धाडले, ही हकीकत थोडी निराळी. ती घडली अमेरिकेतल्या शिकागो शहरी, पहिल्या महायुद्धाच्या काळात.

सुनेचे नाव मार्जोरी जॉयनर. १८९६ साली व्हर्जिनियात जन्मलेली, गुलामाची नात. १९१६ मध्ये शिकागोच्या मोलर सौंदर्यविद्यालयातून उत्तीर्ण होणारी ती पहिली कृष्णवर्णीय मुलगी. त्याच वर्षी लग्न झाले, दुकानही थाटले. मग मोठ्या हौसेने तिने सासूबाईंचे केस हाती घेतले. शाळेत शिकवले होते ते गोऱ्या बायकांचे केस, आणि सासूबाईंचे दाट, कुरळे. व्हायचे तेच झाले! पण त्या माउलीने आदळआपट केली नाही. मादाम वॉकर नावाच्या बाईंच्या वर्गात आपल्या केसांची विद्या शिकवतात, तिथे जा, असे तिने सुनेला सुचवले.

या मादाम वॉकर म्हणजे मूळच्या सारा ब्रीडलव्ह. १८६७ साली लुइझियानातल्या कापसाच्या मळ्यावर जन्मल्या. आईबाप गुलामीतून नुकतेच सुटलेले. सातव्या वर्षी पोरक्या, चौदाव्या वर्षी लग्न, विशीत वैधव्य आणि पदरी एक मुलगी. सेंट लुइस शहरात त्यांनी कित्येक वर्षे लोकांचे कपडे धुतले. त्यातच डोक्यावरचे केस गळू लागले. हे दुखणे त्यांच्या एकटीचे नव्हते. गरिबांच्या घरी नळ नाहीत, न्हाणे क्वचित, त्यामुळे डोक्याला खवडे पडत. वारंवार स्वच्छ धुणे आणि गंधकाचे मलम, हा त्यावरचा इलाज. तो विकण्याचा धंदा सारा शिकल्या ॲनी टर्नबो मलोन या बाईंच्या हाताखाली, त्यांच्या फिरत्या विक्रेत्या म्हणून. (मलोनबाईंनीही पुढे १९१८ साली सेंट लुइसला पोरो कॉलेज उभारले. गुरूचे नाव मागे पडले आणि शिष्येचे गाजले, हा अन्याय इतिहास नेहमीच करतो.) १९०५ मध्ये सारा डेन्व्हरला गेल्या, पुढल्या वर्षी चार्ल्स वॉकर यांच्याशी लग्न करून ‘मादाम वॉकर’ झाल्या आणि १९०८ साली पिट्सबर्गला मुलीच्या नावाने लीलिया कॉलेज काढले.

तिथे डोके धुणे, मलम चोळणे, तापवलेल्या धातूच्या कंगव्याने केस विंचरणे हे शिकवत. गोऱ्यांसारखे दिसण्याची ही धडपड, असा टोमणा त्या काळी स्वजनांनीच मारला. मादाम वॉकरना मात्र ‘केस सरळ करणारी’ हे बिरुद मुळीच खपत नसे; आपण केसांचे आरोग्य राखतो, असे त्या म्हणत. टोमण्यात तथ्य असेल, पण मला वाटते टोमणे मारणाऱ्यांनी परातीतले धुणे कधी पिळले नसावे. स्वयंपाकीण किंवा धोबीण झालेल्या बाईचे पोट गोऱ्या मालकिणीच्या मर्जीवर चाले. केशभूषा शिकलेल्या बाईची गिऱ्हाइके तिच्याच आळीतली. शाळेच्या कागदाची खरी किंमत ही होती.

मादाम वॉकर १९१९ साली वारल्या. तोवर जॉयनरबाई त्यांच्या कंपनीत मोठ्या पदाला पोचल्या होत्या. पन्नास वर्षांत त्यांनी हजारो मुली तयार केल्या. इलिनॉय राज्याचा सौंदर्यव्यवसायाचा पहिला कायदा रचण्यातही त्यांचा हात होता. आणि एक यंत्र! भांड्यात मांस शिजताना आतपर्यंत उष्णता पोचावी म्हणून त्यात सळया खुपसतात, ते पाहून त्यांना सुचले की सगळ्या डोक्याचे केस अशाच सळयांना गुंडाळून एकदम कुरळे करता येतील. १९२८ साली पेटंट मिळाले, पण हक्क कंपनीकडे गेला आणि बाईंच्या हाती जवळजवळ काहीच पडले नाही. शिकण्याची हौस मात्र फिटली नव्हती. १९७३ मध्ये, वयाच्या ७७ व्या वर्षी, त्यांनी पदवी घेतली.

कोणाच्या मर्जीवर न चालणाऱ्या या पोटाचा एक उपयोग पुढे निराळाच झाला. दक्षिण कॅरोलिनात मतदार व्हायचे तर वाचनाची परीक्षा द्यावी लागे. कृष्णवर्णीयांना दूर ठेवण्याची ती युक्ती. १९५७ च्या जानेवारीत जॉन्स बेटावर एका किराणा दुकानाच्या मागच्या खोलीत प्रौढांचा वर्ग निघाला. असा वर्ग चालवणाऱ्या सरकारी शिक्षिकेची नोकरी जाण्याचा धोका होता. म्हणून निवड झाली बर्नीस रॉबिन्सन यांची. त्यांचा धंदा केशभूषेचा. गोऱ्यांना त्यांचे पोट तोडता येईना. विद्यार्थी चौदा. पहिल्याच दिवशी त्यांनी सांगून टाकले की मी काही शिक्षिका नव्हे. तुम्हांला काय शिकायचे आहे, ते तुम्हीच मला सांगा.