लघुग्रह ६७ ‘आशिया’ : शोध, कक्षा आणि नाम

मराठीतील ‘शोध’ ह्या शब्दात धुंडाळणे आणि सापडणे हे दोन्ही व्यापार एकवटले आहेत. लघुग्रहांच्या इतिहासात मात्र ह्या दोहोंपलीकडे तिसरी एक पायरी असते : जे सापडले ते नेमके कोणते, ह्याचा निश्चय. मद्रास येथील वेधशाळेतून १७ एप्रिल १८६१ रोजी सापडलेल्या ‘आशिया’ ह्या लघुग्रहाचा वृत्तान्त ह्या दृष्टीने उद्बोधक आहे.

नॉर्मन रॉबर्ट पॉगसन हा १८६१ च्या आरंभी ह्या वेधशाळेचा प्रमुख म्हणून मद्रासेस आला. त्यापूर्वी ऑक्सफर्ड येथे असताना त्याने इसिस, आरियाड्नी व हेस्तिया हे तीन लघुग्रह शोधले होते. ताऱ्यांच्या प्रती ठरविण्यासाठी एका प्रतीच्या अंतरास तेजाचे २.५१२ हे गुणोत्तर त्यानेच १८५६ मध्ये सुचविले. तेच पुढे रूढ झाले. परंतु केवळ तेजावरून लघुग्रह आणि मंद तारा ह्यांत भेद करता येत नाही. हायडलबर्ग येथे माक्स वोल्फने १८९१ मध्ये ह्या कामी छायाचित्रणाचा अवलंब करीपर्यंत मार्ग एकच होता. दुर्बिणीत दिसणारे तारे नकाशातील ताऱ्यांशी एकेक ताडून पाहावयाचे, आणि जो अधिक दिसेल त्याने जागा बदलली की नाही हे पुढील रात्री पाहावयाचे.

एवढ्याने मात्र काम संपत नसे. पॅरिस येथील चित्रकार हेर्मान गोल्डश्मिट ह्याने मे १८५६ मध्ये डॅफ्नी हा लघुग्रह शोधला. परंतु थोडेच वेध मिळून तो हरवला. सप्टेंबर १८५७ मध्ये त्याला एक ज्योती दिसली, आणि ती डॅफ्नीच होय असे मानले गेले. पुढे शूबर्टने कक्षा गणून दाखविले की, ही ज्योती निराळीच आहे. तिला ‘मेलेटी’ हे नाव मिळाले. खरी डॅफ्नी १८६२ मध्ये पुन्हा सापडली. मधल्या काळात एका वस्तूचे नाव दुसरीवर आरूढ झाले होते आणि कक्षेच्या गणनेवाचून हा प्रमाद उघडकीस आलाच नसता.

आता आशियाची कक्षा पाहू. सूर्यापासून तिचे सरासरी अंतर २.४२ खगोलीय एकके आहे. उत्केंद्रता सुमारे ०.१८ असल्यामुळे हे अंतर १.९७ ते २.८७ एककांपर्यंत कमीअधिक होते. क्रांतिवृत्ताशी कक्षेचा कल सुमारे ६ अंशांचा, आणि प्रदक्षिणाकाल ३.७७ वर्षांचा. मंगळाचा काल १.८८ वर्षे, म्हणजे आशियाच्या एका प्रदक्षिणेत मंगळाच्या दोन होतात. हा केवळ योगायोग नसून दोघांमध्ये अनुनादाचा संबंध आहे.

येथे आणखी एका शब्दाचा अर्थ तपासून घेणे इष्ट ठरेल. कर्कवुडने १८६६ मध्ये असे दाखविले की, २.५० एककांच्या आसपास सरासरी अंतर असलेले लघुग्रह जवळजवळ नाहीत. कारण तेथील प्रदक्षिणाकाल गुरूच्या एकतृतीयांश होतो. ह्यास ‘पोकळी’ म्हणतात. परंतु आशिया तर प्रत्येक प्रदक्षिणेत २.५० एककांचे अंतर दोनदा ओलांडते. ह्यात विसंगती नाही. पोकळी आहे ती सरासरी अंतरांच्या यादीत, आकाशातील जागेत नव्हे.

‘आशिया’ हे नामही द्व्यर्थी आहे. ग्रीक पुराणकथांतील ओशनसच्या एका कन्येचे ते नाव. त्यामुळे लघुग्रहांस देवतांची नावे देण्याचा तत्कालीन प्रघात सांभाळला गेला. त्याच वेळी ह्या खंडातून सापडलेला पहिला लघुग्रह ही नोंदही त्यात राहिली. पुढे मद्रासेहून सापडलेल्या सॅफो (१८६४), सिल्व्हिया (१८६६), कॅमिला (१८६८) व व्हेरा (१८८५) ह्यांच्या नावांत स्थळाची अशी खूण नाही.

सारांश, नामाने शोधाचे स्थळ आणि प्रसंग स्मरणात राहतात. शोधलेली वस्तू तीच होय ह्याची साक्ष मात्र कक्षा देते. डॅफ्नीच्या बाबतीत नाव होते, पण ही साक्ष नव्हती. म्हणूनच ते नाव भलत्याच ज्योतीस चिकटले. आशियाच्या ‘शोधा’त धुंडाळणे, सापडणे व निश्चय ह्या तिन्ही पायऱ्या पूर्ण झाल्या, म्हणून तिचे नाव सार्थ ठरले.