छंदाची वाट : भारतातील नेमबाजीचा प्रसार, माध्यमे आणि इंटरनेट – एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

क्रीडा इतिहासाच्या लेखनात पदके, विक्रम आणि खेळाडूंची चरित्रे यांना मोठे स्थान मिळते. त्या मानाने एखादा खेळ किंवा छंद सामान्य माणसापर्यंत कोणत्या वाटेने पोहोचला, हा प्रश्न उपेक्षित राहतो. नेमबाजीच्या बाबतीत हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. क्रिकेट गल्लीत खेळता येते आणि कबड्डीला मोकळी जागा पुरते. नेमबाजीला मात्र शस्त्र, सुरक्षित रेंज, प्रशिक्षक आणि कायद्याची चौकट या चारही गोष्टी लागतात. त्यामुळे या छंदाकडे ओढ वाटणे आणि तो प्रत्यक्ष जोपासता येणे यांत नेहमीच मोठे अंतर राहिले आहे.

इंटरनेटच्या प्रसारानंतर हे अंतर मिटले, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. हे मत कितपत ग्राह्य आहे, हे तपासणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. त्यासाठी पुढील उद्दिष्टे निश्चित केली आहेत.

१) भारतातील नेमबाजीच्या छंदाची सामाजिक पार्श्वभूमी पाहणे.
२) छंदाच्या प्रसारात मुद्रित माध्यमे, दूरचित्रवाणी व इंटरनेट यांनी बजावलेल्या भूमिकांची तुलना करणे.
३) इंटरनेटच्या सामर्थ्याचे व मर्यादांचे मूल्यमापन करणे.

शस्त्रकायदा, शिकार आणि नेमबाजी

१८७८ च्या शस्त्रकायद्याने भारतीयांच्या शस्त्र बाळगण्यावर परवान्याचे कडक बंधन घातले. युरोपियनांना मात्र त्यातून सूट होती. हा भेदभाव राष्ट्रीय सभेच्या सुरुवातीच्या अधिवेशनांतील तक्रारीचा एक विषय होता. परिणामी, बंदूक हाताळण्याचा अनुभव सैनिक, पोलीस, संस्थानिक व मोजके परवानाधारक यांच्यापुरता सीमित राहिला. संस्थानिकांच्या घरी नेमबाजी शिकारीच्या अंगाने जोपासली गेली. बिकानेरचे महाराजा करणीसिंह हे या परंपरेचे ठळक उदाहरण होय. १९६२ साली कैरो येथील जागतिक स्पर्धेत त्यांनी ट्रॅप प्रकारात रौप्यपदक मिळवले आणि एकूण पाच ऑलिंपिक स्पर्धांत भारताचे प्रतिनिधित्व केले.

स्वातंत्र्यानंतर या चौकटीत तीन बदल झाले. पहिला बदल संस्थात्मक होता. १९५१ मध्ये भारतीय राष्ट्रीय रायफल संघटना स्थापन झाली. पुढे लोकसभेचे पहिले सभापती झालेले गणेश वासुदेव तथा दादासाहेब मावळंकर हे तिचे पहिले अध्यक्ष होते. त्यांच्या नावाची स्पर्धा आजही नवोदित नेमबाजांना राष्ट्रीय स्पर्धेची पायरी वाटते. दुसरा बदल राष्ट्रीय छात्रसेनेचा होय. १९४८ च्या कायद्याने स्थापन झालेल्या छात्रसेनेमुळे ज्यांच्या घरात बंदूक कधी आली नव्हती, अशा मध्यमवर्गीय मुलामुलींच्या हाती प्रथमच पॉइंट टू टू रायफल आली. तिसरा बदल १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने घडवला. शिकारीची वाट बंद झाली आणि नेमबाजी हा कागदी लक्ष्यावरचा, गुणांत मोजला जाणारा खेळ म्हणून स्वतंत्रपणे उभा राहिला.

यानंतर आंतरराष्ट्रीय पातळीवरील एका बदलाने भारताला मोठे साहाय्य केले. १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये १० मीटर एअर रायफल प्रकाराचा समावेश झाला. एअर रायफलला दारूगोळा लागत नाही, ४.५ मिलिमीटरचा छर्रा पुरतो आणि रेंज बंदिस्त सभागृहातही उभारता येते. आज ठरावीक मर्यादेपर्यंत, म्हणजे ४.५ मिलिमीटर व्यास व २० ज्यूल ऊर्जा यांपलीकडे न जाणाऱ्या एअरगनला परवान्याची आवश्यकता नाही. ही तांत्रिक सुलभता नसती, तर इंटरनेटने निर्माण केलेल्या ओढीला भारतात उतरायला जागाच मिळाली नसती.

मुद्रित माध्यमांपासून दूरचित्रवाणीपर्यंत

माध्यमाने माणसाला नेमबाजीकडे खेचणे ही काही इंटरनेटची नवलाई नव्हे. इंग्लंडमध्ये १८५९ साली स्वयंसेवक दलांच्या चळवळीतून राष्ट्रीय रायफल संघटना जन्मली. १८६० मध्ये विम्बल्डन येथील पहिल्या मेळाव्यात राणी व्हिक्टोरियाने पहिली गोळी झाडली आणि या घटनेला मोठी प्रसिद्धी लाभली. अमेरिकेतील राष्ट्रीय रायफल संघटनेच्या १८७१ मधील स्थापनेत पुढाकार घेणारे विल्यम चर्च हे एका लष्करी नियतकालिकाचे संपादक होते. म्हणजे आधुनिक नेमबाजी संघटना आणि पत्रकारिता यांचे नाते प्रारंभापासूनचे आहे.

मुद्रित माध्यमाचे एक वैशिष्ट्य नोंदवण्याजोगे आहे. वर्तमानपत्र निकाल कळवते, पुस्तक प्रेरणा देते. परंतु शरीराने काय करावे, हे दोन्ही माध्यमांतून अपुरे कळते. उभे राहण्याची ढब, श्वासाची लय, चापावरील बोटाचा दाब या गोष्टी वाचून उमगणे कठीण. म्हणून मुद्रित माध्यमांच्या काळात छंदाचे शिक्षण संपूर्णपणे गुरूवर अवलंबून होते.

दूरचित्रवाणीने खेळाडूला चेहरा दिला. जसपाल राणा यांनी १९९४ च्या हिरोशिमा आशियाई स्पर्धेत मिळवलेले सुवर्णपदक, राज्यवर्धनसिंह राठोड यांचे २००४ चे अथेन्समधील रौप्यपदक आणि ११ ऑगस्ट २००८ रोजी बीजिंग येथे अभिनव बिंद्रा यांनी पटकावलेले भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक सुवर्णपदक या घटना घराघरांत पोहोचल्या. तथापि दूरचित्रवाणीची नजर विजयाच्या क्षणावर असते. पदक मिळाले की चार दिवस चर्चा होते आणि पुढील ऑलिंपिकपर्यंत हा खेळ पडद्यावरून नाहीसा होतो. कुतूहल जागे झालेल्या मुलाला "आता पुढे काय?" या प्रश्नाचे उत्तर दूरचित्रवाणीजवळ नव्हते.

इंटरनेटने बदललेली वाट

भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झाली. प्रारंभी ती महागडी, धिमी आणि मोठ्या शहरांपुरती होती. २००५ मध्ये यूट्यूबचा उदय झाला आणि सप्टेंबर २०१६ नंतर भारतात मोबाइलवरील डेटा स्वस्त झाला. या दोन घटनांमुळे चलत्चित्र हे खेड्यातील मुलाच्याही हाती आले. नेमबाजीपुरते पाहिल्यास या बदलाचे चार परिणाम दिसून येतात.

पहिला परिणाम सातत्याचा आहे. आंतरराष्ट्रीय स्पर्धांच्या अंतिम फेऱ्या वर्षभर आणि पुन्हा पुन्हा पाहता येऊ लागल्या. एकदा कुतूहलापोटी पाहिलेल्या चित्रफितीच्या पाठोपाठ तशाच आणखी चित्रफिती समोर येत राहतात. दूरचित्रवाणीवर विझणारी ओढ येथे धगधगत ठेवली जाते.

दुसरा परिणाम ज्ञानाचा आहे. जी सूत्रे पूर्वी प्रशिक्षकाच्या वहीत असत, ती आता डोळ्यांनी पाहता येतात. पायांतील अंतर, नितंबावर टेकवलेला कोपर, नेम धरतानाचा श्वास, गोळी सुटल्यावरही काही क्षण नेम न सोडणे, हे सारे मंदगतीने पाहता येते.

तिसरा परिणाम साधनांविषयीचा आहे. स्पर्धेसाठीच्या उच्च दर्जाच्या रायफली व पिस्तुले प्रामुख्याने जर्मनी, ऑस्ट्रिया, इटली व स्वित्झर्लंड येथून येतात. त्यांची माहिती एकेकाळी मोजक्या वर्तुळात फिरत असे. आता ती तालुक्याच्या गावी बसूनही मिळवता येते, नवशिक्यासाठीची साधी एअर रायफल कोठे मिळते हेही कळते, आणि मुख्य म्हणजे जवळची रेंज शोधता येते.

चौथा परिणाम करोनाकाळात प्रकर्षाने दिसला. एप्रिल २०२० मध्ये टाळेबंदी असताना माजी भारतीय नेमबाज शिमोन शरीफ यांनी आंतरराष्ट्रीय ऑनलाइन नेमबाजी स्पर्धा आयोजित केली. निरनिराळ्या देशांतील नेमबाज आपापल्या घरी इलेक्ट्रॉनिक लक्ष्यावर नेम साधत होते आणि परस्परांना पडद्यावर पाहत होते. त्या उन्हाळ्यात जगातील बहुतेक मैदाने ओस पडली असताना दहा मीटरच्या या खेळाने इंटरनेटच्या आधारे आपली स्पर्धा चालू ठेवली.

जिवंत साखळी : काही दाखले

वरील परिणाम मान्य करूनही, प्रत्यक्ष नेमबाज कसे घडले हे पाहिल्यास वेगळे चित्र समोर येते.

मुंबईच्या अंजली भागवत (पूर्वाश्रमीच्या वेदपाठक) महाविद्यालयातील छात्रसेनेमुळे रायफलकडे वळल्या. वरळीच्या रेंजवर संजय चक्रवर्ती यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांची घडण झाली आणि २००२ मध्ये म्युनिक येथे त्यांनी 'चॅम्पियन ऑफ चॅम्पियन्स' हा किताब मिळवला. सुमा शिरूर आणि दीपाली देशपांडे याही चक्रवर्ती यांच्याच शिष्या. पुढे दीपाली देशपांडे यांनी स्वप्नील कुसळे यांना मार्गदर्शन केले. राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीचे कुसळे २००९ मध्ये क्रीडा प्रबोधिनीत दाखल झाले होते. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन प्रकारात त्यांनी कांस्यपदक मिळवले. खाशाबा जाधव यांच्या १९५२ च्या कांस्यपदकानंतर महाराष्ट्राच्या खेळाडूचे हे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक होते.

कोल्हापूरचा दाखलाही असाच बोलका आहे. तेजस्विनी सावंत यांनी २०१० मध्ये म्युनिक येथे ५० मीटर प्रोन प्रकारात जागतिक विजेतेपद मिळवले. त्यांच्याच शाळेत शिकणाऱ्या राही सरनोबत छात्रसेनेतून नेमबाजीत आल्या आणि २०१८ च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्णपदकाच्या मानकरी ठरल्या. आपल्या शाळेची एक मुलगी हे करू शकते, ही जाणीव येथे कोणत्याही चित्रफितीपेक्षा प्रभावी ठरली.

महाराष्ट्राबाहेर उत्तर प्रदेशातील बागपत जिल्ह्याचे जोहडी गाव पाहावे. तेथे गावात रेंज सुरू झाली, नातीला सोबत म्हणून गेलेल्या चंद्रो तोमर यांनी साठी ओलांडल्यावर पिस्तूल हाती घेतले आणि त्यांच्या मागोमाग गावातील मुली नेमबाजीत आल्या. याउलट अवनी लेखरा यांचे उदाहरण पूर्णतः इंटरनेटच्या काळातील आहे. टोकियो पॅरालिंपिक (२०२१) व पॅरिस पॅरालिंपिक (२०२४) या दोन्ही स्पर्धांत सुवर्णपदक जिंकणाऱ्या लेखरा यांना प्रेरणा मिळाली ती अभिनव बिंद्रा यांच्या आत्मचरित्रातून. सराव मिळाला जयपूरच्या रेंजवर आणि मार्गदर्शन लाभले सुमा शिरूर यांचे. म्हणजे नव्या माध्यमाच्या भरात जुने माध्यम निष्प्रभ झाले नाही आणि गुरूची जागाही रिकामी झाली नाही.

मर्यादा आणि धोके

चित्रफितीत रायफलचे वजन कळत नाही. साडेपाच किलोपर्यंत वजनाची रायफल घेऊन सव्वा तासात साठ गोळ्या झाडणे आणि प्रत्येक वेळी अर्ध्या मिलिमीटरच्या दहाव्या बिंदूचा वेध घेणे, ही शरीर व मन स्थिर ठेवण्याची साधना आहे. इंटरनेटवरील आशय मात्र वेगावर पोसला जातो. मोबाइलवरील गोळीबाराच्या खेळांनी शस्त्रांची नावे मुलांच्या तोंडी बसवली. पण त्या खेळांत जलद हालचालीला गुण मिळतात, तर नेमबाजीत हालचाल थांबवण्याला. ओढ एका गोष्टीची निर्माण होते आणि रेंजवर भेटते ती दुसरीच. पहिल्या काही महिन्यांतील कंटाळा पार करण्यास प्रशिक्षक व सहकारी यांची सोबत लागते.

याहून गंभीर बाब म्हणजे शस्त्राचे प्रदर्शन. समाजमाध्यमांवर शस्त्रे मिरवणाऱ्या चित्रफितींमुळे तरुणांवर गुन्हे दाखल झाल्याच्या बातम्या महाराष्ट्रातही अधूनमधून येतात. २०१९ च्या शस्त्र दुरुस्ती कायद्याने समारंभातील गोळीबाराला शिक्षेची तरतूद केली, यावरून समस्येचे गांभीर्य ध्यानात येते. परवान्याची गरज नसलेली एअरगनही खेळणे नव्हे. अरुणाचल प्रदेशात पक्ष्यांची शिकार थांबावी म्हणून २०२१ मध्ये लोकांनी स्वेच्छेने एअरगन जमा कराव्यात, अशी मोहीम हाती घ्यावी लागली. रेंजवर पहिल्या दिवशी शिकवला जाणारा नियम असा, की नळी सदैव सुरक्षित दिशेला असावी आणि नेम धरेपर्यंत बोट चापावर जाऊ नये. हा नियम घरी एकट्याने चित्रफीत पाहणाऱ्याला कोणी मोडू नको म्हणून दटावत नाही.

तिसरी मर्यादा विषमतेची आहे. माहिती आता जवळजवळ फुकट आहे. साधने, छर्रे व रेंजवरील सराव यांचा खर्च तसाच आहे. पूर्वी गरीब मुलाला या खेळाची माहितीच नसे. आज त्याला सारे माहीत असते, दिसत असते. परंतु जिल्ह्यात रेंज नसल्यास तो दाराबाहेरच उभा राहतो.

निष्कर्ष

१) छंदाकडे खेचण्याचे कार्य प्रत्येक काळातील माध्यमाने केले आहे. इंटरनेटचे वेगळेपण सातत्य, दृश्य ज्ञान आणि समानधर्मी माणसांशी संपर्क यांत आहे.

२) भारतात इंटरनेटचा परिणाम फलद्रूप होण्यास छात्रसेना, रायफल संघटना, क्रीडा प्रबोधिनी आणि एअर रायफलचा स्वीकार ही पूर्वतयारी कारणीभूत ठरली.

३) माध्यमाने ओढ निर्माण होते, तिचे छंदात आणि छंदाचे साधनेत रूपांतर रेंज, प्रशिक्षक व सोबती यांच्या सहवासात होते.

४) शस्त्राशी निगडित छंदात शिस्तीवाचून मिळालेले ज्ञान अपुरेच नव्हे, तर धोकादायक ठरू शकते.

या निष्कर्षांचा महाविद्यालयांशी थेट संबंध आहे. वरळी असो वा कोल्हापूर, साखळीची पहिली कडी शाळा-महाविद्यालयातील छात्रसेनेत जोडली गेली होती. आज मोबाइलवर नेमबाजी पाहणारा विद्यार्थी प्रत्येक वर्गात आहे. त्याला दहा मीटरची एक सुरक्षित जागा आणि नियम शिकवणारा एक जाणता माणूस मिळवून देणे, हे काम इंटरनेट करू शकत नाही. ते संस्थांनाच करावे लागेल.