नेपच्यूनचा सण आणि हरवलेलं मॅन्युअल

(या भागाची लिखित प्रत. वाचायला सोपं जावं म्हणून काही वाक्यं थोडी नीट केली आहेत.)



नेपच्यून म्हटलं की डोळ्यांसमोर काय येतं? दाढीवाला धिप्पाड देव, हातात त्रिशूळ, मागे उसळलेला समुद्र. मासेराती गाडीच्या लोगोतला त्रिशूळ बोलोन्या शहरातल्या नेपच्यूनच्या पुतळ्यावरून घेतलेला. १८४६ मध्ये सापडलेल्या ग्रहालाही त्याचंच नाव. म्हणजे नाव सगळीकडे. पण प्राचीन रोममध्ये या देवाचा सण नेमका कसा साजरा व्हायचा, असं विचारलं तर उत्तर चार-पाच ओळींत संपतं. आणि तरीही आज काही लोक दर २३ जुलैला तो सण करतात. कशाच्या जोरावर करतात, हा आजचा विषय.

आधी तारीख बघू. सणाचं नाव नेप्टुनालिया. रोमन लोकांनी दगडावर कोरून ठेवलेल्या कॅलेंडरांत तो २३ जुलैला आहे. आपल्याकडे जुलै म्हणजे धो धो पाऊस, त्यामुळे पाण्याच्या देवाचा सण जुलैत आहे यात आपल्याला काही विशेष वाटत नाही. पण रोममध्ये गणित उलटं आहे. तिथे जुलै म्हणजे ऐन उन्हाळा. पाऊस जवळपास नाही, झरे आटलेले, ओढे बारीक झालेले. आता आजूबाजूचे सण बघा. १९ आणि २१ जुलैला लुकारिया, म्हणजे देवराईचा सण. २५ जुलैला फुर्रिना या देवीचा सण, आणि तिच्या देवराईत झरा होता. या सगळ्याच्या मधोमध नेपच्यून बसलाय. समुद्र कुठेच नाही!

म्हणूनच बऱ्याच अभ्यासकांचं मत असं की नेपच्यून मुळात गोड्या पाण्याचा देव. झरे, तळी, नद्या हे त्याचं खातं. समुद्र त्याच्याकडे नंतर आला, ग्रीकांच्या पोसायडनशी त्याची जोडी लावल्यावर. इसवीसनपूर्व ३९९ मध्ये रोगाची साथ आली, तेव्हा रोमने एक नवीनच विधी केला. देवांच्या मूर्तींसाठी पलंग मांडून त्यांना आठ दिवस मेजवानी दिली. त्या सहा देवांमध्ये अपोलो, हर्क्युलीस यांच्यासोबत नेपच्यूनही होता. ही पद्धत ग्रीक वळणाची, आणि तिथे त्याच्या नावामागे पोसायडनच उभा असणार, असं मानलं जातं.

गंमत म्हणजे पुढच्याच वर्षीची एक गोष्ट इतिहासकार लिव्हीने सांगितली आहे. रोमजवळचं आल्बानो तळं पाऊस नसताना अचानक भरून वाहायला लागलं. सगळे घाबरले. डेल्फीला माणसं पाठवून कौल घेतला, तर उत्तर आलं की हे पाणी तळ्यात अडवू नका, समुद्रातही जाऊ देऊ नका, शेतात फिरवा. मग खडक फोडून बोगदा काढला. सुमारे १,४०० मीटर लांबीचा तो बोगदा आजही आहे. लिव्हीच्या गोष्टीत नेपच्यूनचं नाव येत नाही. पण जॉर्ज द्युमेझिल या फ्रेंच अभ्यासकाने १९७३ मध्ये मांडलं की ही नेपच्यूनचीच कथा आहे. पाणी कमी असतं तेव्हाही देव आणि जास्त होतं तेव्हाही देव, आणि माणसाचं काम ते नीट वळवणं.

द्युमेझिल आणखी एक धागा जोडतो. आयर्लंडच्या नेख्टानची विहीर, आपल्या ऋग्वेदातला अपां नपात् आणि रोमचा नेपच्यून, हे तिघे एकाच जुन्या देवाची रूपं. अपां नपात् म्हणजे 'पाण्याचा नातू'. आपला 'नातू' हा शब्द याच कुळातला! हे सगळ्यांना पटलेलं नाही. काही भाषाशास्त्रज्ञ नेपच्यूनचं नाव ओलाव्याच्या अर्थाच्या वेगळ्या मुळाकडे नेतात, ज्यातून आपला 'नभ' शब्द आला. म्हणजे 'नातू' म्हणा नाहीतर 'नभ' म्हणा, दोन्ही वाटांवर आपल्या ओळखीचा एक शब्द उभा आहे.

आता मूळ प्रश्न. २३ जुलैला लोक करायचे काय?

रोमन सणांची सगळ्यात मोठी माहिती कवी ओव्हिडच्या 'फास्ती'मध्ये आहे. महिन्यामागून महिना, सणामागून सण. पण आपल्यापर्यंत आलेत फक्त जानेवारी ते जून. जुलै नाही! उरलं काय? फेस्टुस नावाच्या लेखकाच्या शब्दकोशात एक ओळ, की या दिवशी फांद्या-पानांच्या झोपड्या उभारायचे आणि त्यांना 'उंब्रे', म्हणजे सावल्या, म्हणायचे. होरेसच्या एका कवितेत या सणाला जुनी वाइन काढायचा बेत आहे. माक्रोबियुस सांगतो की बैलाचा बळी मोजक्याच देवांना चालायचा, त्यात नेपच्यून होता. साधारण एवढंच. पुढे ३९१-३९२ च्या सुमारास सम्राट थिओडोसियसने जुन्या देवांच्या पूजेवर बंदी आणली आणि हळूहळू करणारेही संपले.

मग थेट आपल्या काळात येऊ. १९९८ मध्ये अमेरिकेत 'नोव्हा रोमा' ही संस्था सुरू झाली. रोमन धर्म, कॅलेंडर, पदं, सगळं पुन्हा वापरात आणायचं. इटलीतही असे गट आहेत. घरात लारारियम, म्हणजे छोटासा देव्हारा. हात धुवायचे, डोक्यावर कापड घ्यायचं, आधी यानुसचं नाव, मग ज्याचा दिवस त्या देवाचं, शेवटी वेस्ताचं. बैल वगैरे सहसा नाही. धूप, वाइन, घरी केलेला केक. नेप्टुनालियाला कुणी अंगणात फांद्यांची सावली उभारतं, कुणी नदीवर किंवा तळ्यावर जाऊन पाण्यात वाइन सोडतं.

इथे कुणीही विचारेल, याला रोमन धर्म म्हणायचं का? आणि प्रश्न बरोबर आहे. कारण रोमन लोक विधीच्या बाबतीत भलतेच काटेकोर. मंत्रातला एक शब्द चुकला तर सगळा विधी पहिल्यापासून. जिथे एक शब्द चालत नाही तिथे अख्खं मॅन्युअलच हरवलंय.

पण उत्तरही रोमन लोकांकडेच मिळतं. इसवीसनपूर्व १६० च्या सुमारास कातोने शेतीवर पुस्तक लिहिलं. त्यात देवराईतली झाडं विरळ करण्याआधीची प्रार्थना आहे. इथे कुठला देव राहतो ते शेतकऱ्याला माहीत नाही, म्हणून तो म्हणतो की तू देव असशील किंवा देवी, ज्याची ही जागा त्याने हे घ्यावं. शिवाय रोमन लोक काही वेळा चूक होण्याआधीच तिचं प्रायश्चित्त देऊन ठेवायचे. त्याला 'पियाकुलुम' म्हणत. आम्ही कोड लिहिणारी मंडळी याला एरर हँडलिंग म्हणू. 'मला सगळं माहीत नाही' हे या धर्मात आधीपासूनच धरलेलं होतं.

म्हणून मला वाटतं, हा सण खरा की खोटा हे झोपडी कशी बांधली यावरून ठरत नाही. एवढं फेस्टुसकडून घेतलं आणि बाकीचं आम्ही घातलं, असं जो सरळ सांगतो तो रोमन शेतकऱ्याच्या जवळचा. आणि कालची कल्पना 'दोन हजार वर्षांची अखंड परंपरा' म्हणून पोस्ट करणारा त्याच्यापासून लांबचा. हे फक्त रोमला लागू आहे असं नाही. कुठल्याही सणाच्या फॉरवर्डला हा प्रश्न विचारून बघा.

आणि सणामागची काळजी? ती अजिबात जुनी झालेली नाही. २०१७ च्या जुलैत रोममध्ये एवढा दुष्काळ पडला की शहराला पाणी देणाऱ्या ब्राच्चानो तळ्याची पातळी घसरली, पाणीकपातीची चर्चा सुरू झाली, रस्त्यावरचे सार्वजनिक नळ बंद व्हायला लागले. व्हॅटिकननेही आपली कारंजी बंद केली. तारीख? नेप्टुनालियानंतर अवघ्या एक-दोन दिवसांत. त्या आठवड्यात रोममधल्या प्रत्येकाच्या तोंडी तळ्याची पातळी होती. नेपच्यूनचा हा सण मुळात ज्यासाठी होता, तेच.

आजच्यासाठी एवढंच. तुमच्या गावात पाण्याशी जोडलेला एखादा सण असेल, तर घरातल्या मोठ्यांना विचारा की त्यातलं जुनं काय आणि नवीन काय. त्यांचं उत्तर आम्हाला नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात!