'यार्ड' आणि 'वार' : एका लांबीवाचक इंग्रजी शब्दाचा अर्थेतिहास

प्रस्तावना

मापनाच्या इतिहासात मापापेक्षा मापाचे नाव अधिक काळ टिकते. मापाची लांबी बदलते, ती ठरविणारी सत्ता बदलते. नाव मात्र लोकांच्या तोंडी तसेच राहते. त्यामुळे जुन्या कागदपत्रांतील मापवाचक शब्द आजच्या अर्थाने वाचला जाण्याचा धोका अभ्यासकापुढे नेहमीच असतो. इंग्रजी भाषेतील 'यार्ड' हा शब्द या दृष्टीने उद्बोधक आहे. प्रस्तुत लेखात या शब्दाची व्युत्पत्ती, त्याने दर्शविलेल्या मापाचे प्रमाणीकरण आणि महाराष्ट्रातील व्यवहारात त्याला मिळालेले स्थान यांचा विचार केला आहे.

एक रूप, भिन्न मुळे

आज 'यार्ड' या एकाच रूपात दिसणारे शब्द मुळात वेगवेगळे आहेत. प्राचीन इंग्रजीत 'डहाळी, काठी' या अर्थाचा एक शब्द होता आणि 'कुंपण, कुंपणाने वेढलेली जागा' या अर्थाचा दुसरा. कालौघात दोहोंचे उच्चार व लेखन एक झाले. पहिल्या शब्दापासून तीन फुटांच्या मापाचे नाव आले. जहाजाच्या डोलकाठीवर शीड ताणून धरणाऱ्या आडव्या काठीलाही इंग्रजीत 'यार्ड' म्हणतात. मूळचा काठीचा अर्थ तेथे आजही शाबूत आहे. दुसऱ्या शब्दापासून अंगण, आवार, जहाजबांधणीची जागा, दफनभूमी इत्यादी अर्थांची परंपरा सुरू झाली. बागेसाठी रूढ असलेला 'गार्डन' हा शब्दही याच कुळातील आहे. चलनबाजारात शंभर कोटींच्या रकमेला 'यार्ड' म्हणण्याची रीत आहे. तिचा मात्र या दोहोंशी संबंध नाही; ते 'मिलिअर्ड' या संख्यावाचक शब्दाचे संक्षिप्त रूप होय.

मापाचे प्रमाणीकरण

पहिला हेन्री (कारकीर्द ११०० ते ११३५) याने व्यापाऱ्यांचे खोटे माप आपल्या बाहूच्या लांबीवरून दुरुस्त केले, असे विल्यम ऑफ माम्सबरी या बाराव्या शतकातील इतिहासकाराने लिहिले आहे. या कथेची ऐतिहासिकता वादग्रस्त असली तरी तिचा आशय महत्त्वाचा आहे : माप निश्चित करणे हा राजसत्तेचा अधिकार मानला जात होता. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धातील किंवा चौदाव्या शतकाच्या आरंभीच्या एका इंग्रजी नियमात बार्लीच्या तीन कोरड्या, गोल दाण्यांचा एक इंच, बारा इंचांचा फूट आणि तीन फुटांचे हे माप अशी चढती मांडणी आढळते. लॅटिन भाषेतील त्या नियमात या मापाला 'उल्ना' म्हटले आहे. 'यार्ड' हे लोकभाषेतील नाव त्याला पुढे कायमचे चिकटले.

१७६० साली तयार झालेल्या पितळी दांड्याला १८२४ च्या कायद्याने प्रमाण यार्डाचा दर्जा दिला. हा दांडा नष्ट झाल्यास सेकंददर्शक लंबकाच्या लांबीवरून तो पुन्हा सिद्ध करावा, अशी तरतूदही त्या कायद्यात होती. १८३४ साली लंडनच्या पार्लमेंट इमारतीस आग लागून तो दांडा निकामी झाला. तज्ज्ञांच्या समितीला मात्र लंबकाची पद्धत पुरेशी विश्वसनीय वाटली नाही. अखेर जुन्या प्रतींच्या आधारे काशाचा नवा दांडा घडविण्यात आला व १८५५ साली त्यास कायदेशीर मान्यता मिळाली. निसर्गाच्या नियमावर सोपविलेली जबाबदारी अशा रीतीने पुन्हा मानवी प्रतींवरच आली. १९५९ साली इंग्रजी मापे वापरणाऱ्या सहा देशांनी यार्ड म्हणजे ०.९१४४ मीटर असे ठरविले. तेव्हापासून या मापाची व्याख्याच मीटरवर अवलंबून आहे.

महाराष्ट्रातील संदर्भ

काठीवरून मापास नाव मिळणे ही केवळ इंग्रजीची रीत नव्हे. शिवकाळातील जमीनमोजणीचे वर्णन करताना सभासद बखर पाच हात व पाच मुठींची काठी, वीस काठ्या लांब व तितक्याच रुंद जमिनीचा बिघा आणि १२० बिघ्यांचा चावर असे कोष्टक देते. ब्रिटिश काळात मुंबई इलाख्यातील मोजणीत काठीची जागा ३३ फुटांच्या साखळीने घेतली. या साखळीचा एक चौरस म्हणजे एक गुंठा आणि ४० गुंठ्यांचा एक एकर. ३३ फूट म्हणजे ११ यार्ड. म्हणून गुंठा १२१ चौरस यार्डांचा होतो. आजही शेतकरी ज्या गुंठ्यात बोलतो, त्याच्या पोटी हे इंग्रजी माप आहे. १८८९ च्या लांबीमापन कायद्याने तर ब्रिटिशांचा यार्ड भारतातील लांबीचे कायदेशीर प्रमाण ठरला.

तरीही मराठीने या मापासाठी 'यार्ड' हा शब्द फारसा स्वीकारला नाही. 'वार' हाच शब्द रूढ राहिला. त्याचा संबंध पोर्तुगीज 'व्हारा' या शब्दाशी जोडला जातो आणि त्याचाही मूळ अर्थ काठी असाच आहे. पोर्तुगीज माप सुमारे १.१ मीटरचे, तर मराठीतील वार तीन फुटांचा. म्हणजे नाव एका सत्तेचे आणि लांबी दुसऱ्या सत्तेची, असा हा संयोग आहे. पाचवारी, नऊवारी या शब्दांतून तो घराघरांत पोहोचला.

'गज' या शब्दाबाबत अधिक सावधगिरी आवश्यक ठरते. एकोणिसाव्या शतकातील कोष्टकांत मुंबईचा गज २७ इंचांचा, तर बंगालचा ३६ इंचांचा दिलेला आढळतो. मुंबईकडील व्यापारी कागदातील दहा गज कापड म्हणजे साडेसात यार्ड होत. गज व यार्ड एकच मानून वाचल्यास कापडाचे प्रमाण एक तृतीयांशाने फुगते. त्यावरून काढलेली किंमत आणि विणकराची मजुरीही चुकते.

निष्कर्ष

'यार्ड' हा शब्द मराठीत आला तो मुख्यतः 'मार्केट यार्ड', 'रेल्वे यार्ड' अशा आवारवाचक अर्थाने. मापासाठी 'वार' कायम राहिला. इंग्रजीत एकरूप झालेले दोन शब्द मराठीच्या व्यवहाराने अशा प्रकारे नकळत पुन्हा वेगळे केले. १९५६ च्या कायद्याने भारतात दशमान पद्धतीचा पाया घातला आणि कापड मीटरवर विकले जाऊ लागले. नऊवारी मात्र नऊवारीच राहिली. नावाच्या या चिवटपणामुळेच मापवाचक शब्द वाचताना काठी कोणाची, कोणत्या प्रदेशातील आणि कोणत्या काळातील, हे प्रश्न आधी विचारणे अगत्याचे आहे. त्यांची उत्तरे मिळाल्याशिवाय जुन्या दप्तरांतील आकड्यांवर आर्थिक इतिहासाची मांडणी उभी करणे सुरक्षित ठरत नाही.