अंगणातली शाळा आणि एक्कावन्नाव्या वर्षीची पदवी

अंगणवाडी आपल्या सगळ्यांच्या रोजच्या ओळखीची. लेकरू तिथं सोडायचं, त्याचं वजन करून घ्यायचं, गरोदरपणात नाव नोंदवायचं. पण शाळेच्या नावात ‘अंगण’ कसं आलं, हे कधी मनात आलंय का? आज ज्या बाईची गोष्ट सांगणार आहे, तिच्या आयुष्यात त्याचं उत्तर आहे. तिचं नाव अनुताई वाघ.

अनुताईंचा जन्म १७ मार्च १९१० चा, पुणे जिल्ह्यातल्या मोरगावचा. तेराव्या वर्षी लग्न झालं आणि काही महिन्यांतच नवरा वारला. त्या काळी अशा मुलीच्या वाट्याला काय यायचं ते आपल्या आज्यांनी आपल्याला सांगितलेलं आहे. घराचा एक कोपरा, दुसऱ्यांच्या लेकरांची उस्तवार आणि बोलणी. अनुताई मात्र शिकल्या आणि प्राथमिक शिक्षिका झाल्या. पुढे पुण्यात हुजूरपागेत नोकरी लागली. दिवसा मुलींना शिकवायच्या आणि रात्री स्वतः रात्रशाळेत बसायच्या. असं करत १९३७ साली मॅट्रिक झाल्या. वय वर्षं सत्तावीस. पगार चालू होता, पोट भरत होतं, कुणी ‘शिक’ म्हणून मागं लागलं नव्हतं.

१९४५ साली त्यांना ताराबाई मोडक भेटल्या. ताराबाई बालशिक्षणातल्या मोठ्या जाणकार. खेड्यातल्या मुलांसाठी बोर्डीला त्यांनी काम सुरू केलं, आणि पस्तीस वर्षांच्या अनुताई पुण्यातली नोकरी सोडून त्यांच्याबरोबर गेल्या. बोर्डी म्हणजे डहाणूजवळचं समुद्रकाठचं गाव, आजच्या पालघर जिल्ह्यातलं. आजूबाजूला वारल्यांचे पाडे.

शाळा काढली तरी मुलं येईनात. आईबाप मजुरीला गेले की थोरल्या पोरीच्या कडेवर धाकटं भावंडं असायचं. पोरगा गुरांमागं जायचा. मग शाळेत कोण येणार? आईबापाला नावं ठेवणं सोपं होतं. ह्या दोघींनी ते केलं नाही. मूल शाळेत येत नसेल तर शाळा मुलाकडे नेऊ, असं त्यांनी ठरवलं. पाड्यावर कुणाच्या तरी अंगणात मुलं गोळा करायची, हातपाय धुवायचे, केस विंचरायचे, गाणी म्हणायची, खेळायचं. ती अंगणातली बालवाडी, म्हणून अंगणवाडी. गुरं चारणाऱ्या पोरांसाठी शाळा कुरणात गेली, ती कुरणशाळा. विकत आणलेली खेळणी परवडत नव्हती, तर खडे, शिंपले, बिया, पानं घेऊन मोजायला आणि रंग ओळखायला शिकवलं.

१९५६ च्या सुमारास हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. तिथं पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली. तिला विकासवाडी म्हणत. यातली युक्ती बघा. धाकटं भावंडं पाळणाघरात निजलं की थोरली बहीण शेजारीच वर्गात बसायला मोकळी. बाईमाणसाची अडचण ज्यांना कळते त्यांनाच हे सुचतं.

आणि ह्या सगळ्या धबडग्यात अनुताईंनी पुन्हा पुस्तकं उघडली. १९६१ साली त्या बी.ए. झाल्या. तेव्हा त्या एक्कावन्न वर्षांच्या होत्या. माझं बी.ए. वेळेत झालं, आईवडिलांनी फी भरली. त्यामुळं दिवसभर पाड्यांवर काम करून रात्री अभ्यासाला बसणारी ही बाई मला फार मोठी वाटते.

ताराबाई १९७३ साली गेल्या. त्यानंतर कोसबाडचा भार अनुताईंनी वाहिला. २ ऑक्टोबर १९७५ ला देशात एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली, आणि तिच्या गावोगावच्या केंद्रांना अंगणवाडी हेच नाव मिळालं. १९८४ साली सरकारनं अनुताईंना पद्मश्री दिली. त्यांनी लिहिलेलं आत्मचरित्रही आहे, ‘कोसबाडच्या टेकडीवरून’. २७ सप्टेंबर १९९२ ला कोसबाडलाच त्यांचं निधन झालं, बयाऐंशीव्या वर्षी. पोटचं मूल नव्हतं, पण पाड्यापाड्यावरची पोरं त्यांच्या अंगाखांद्यावर वाढली.

मैत्रिणींनो, गटाच्या बैठकीत मी विचारते, “पुढं शिकणार का?” उत्तर ठरलेलं, “ताई, आता सून आली, आता काय शिकायचं!” अनुताईंच्या आयुष्याकडे बघितलं तर शिकणं आणि लोकांचं काम ही दोन वेगळी खाती नव्हती. कामात अडलं की त्या शिकायच्या, शिकलेलं लगेच कामात यायचं. आपलंही तसंच आहे. बँकेचा कागद वाचता आला तर सही करताना हात कापत नाही. हिशेब समजला तर गटाची वही दुसऱ्याच्या हातात राहत नाही.

दहावी राहिली असेल तर बाहेरून बसायला सतरा नंबरचा फॉर्म असतो. पुढं शिकायचं तर नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आहे. येत्या बैठकीत कर्जाचे हप्ते झाले की आणखी एक विषय घ्या: आपल्यात कुणाकुणाचं शिक्षण अर्धवट राहिलंय? नावं लिहून काढा. फॉर्म भरायला जाताना एकटीला पाठवू नका, दोघी-तिघी मिळून जा. आणि जिची परीक्षा असेल तिच्या घरचं दळण-पाणी तेवढे दिवस बाकीच्यांनी वाटून घ्या. कोसबाडच्या पाळणाघरानं थोरल्या बहिणीसाठी हेच केलं होतं.